रक्तदाबाच्या फाइलमध्ये डोळ्यांचेही एक पान हवे

रक्तदाबाच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या सर्व फॅमिली डॉक्टरांना आणि फिजिशियन मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

गेली अनेक वर्षे मी डोळ्यांच्या पडद्याचे, म्हणजे दृष्टिपटलाचे, विकार तपासते आहे. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या रुग्णांपैकी ज्यांच्याविषयी मला सर्वांत जास्त हळहळ वाटते, त्यांचा आजार डोळ्यांत सुरू झालेला नसतो. तो रक्तवाहिन्यांत सुरू झालेला असतो आणि आपल्यापैकी कुणाच्या तरी दवाखान्यात त्याची नोंदही झालेली असते: रक्तदाब 160/100, गोळी सुरू केली, महिन्याने पुन्हा दाखवणे. त्या नोंदीत डोळ्यांचा उल्लेख नसतो. माझ्याकडच्या कागदावर डोळ्यांची बारीकसारीक नोंद असते, पण रक्तदाबाचा रकाना पुष्कळदा कोरा असतो. हे पत्र त्या दोन अपुऱ्या कागदांविषयी आहे. ज्याला रक्तदाब आहे त्याच्या डोळ्यांचा पडदा बाहुली मोठी करून एकदा तरी नीट पाहिला जावा, जे दिसले ते आपल्या फाइलमध्ये लिहिले जावे, आणि आमच्याकडे जो येईल त्याचा रक्तदाब आम्ही मोजावा, एवढीच माझी मागणी आहे.

मागणी करण्याआधी माझ्या हातून घडलेली चूक सांगणे मला आवश्यक वाटते. पन्नाशी नुकतीच ओलांडलेले एक गृहस्थ जवळचे वाचायला त्रास होतो म्हणून माझ्याकडे आले होते. मी थेंब घालून त्यांचा पडदा पाहिला. धमन्या जरा बारीक होत्या आणि त्यांच्या मध्यावरून जाणारी चमकदार प्रकाशरेषा नेहमीपेक्षा रुंद दिसत होती. उजव्या डोळ्यात, कानशिलाकडच्या वरच्या भागात, एक धमनी जिथे नीलेला ओलांडून जाते तिथे ती नीला दोन्ही बाजूंनी निमुळती होत धमनीखाली नाहीशी झाल्यासारखी भासत होती. हे सारे मला दिसले, मी ते कागदावर लिहिलेही, आणि त्यांना सांगितले, "पडदा चांगला आहे, वाचायचा चष्मा लावा." रक्तदाब मोजायचे यंत्र शेजारच्या खोलीत होते. सुमारे दीड वर्षाने ते परत आले, तेव्हा त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे खालच्या अर्ध्या भागात धुरासारखी सावली आलेली होती. सकाळी उठल्यावर ती त्यांच्या लक्षात आली होती. मी आत पाहिले, तर बरोबर त्याच ओलांडणीपासून कानशिलाच्या दिशेने पंख्यासारखे पसरत गेलेले, ज्योतीच्या आकाराचे रक्तस्राव होते, मधूनमधून कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे ठिपके होते आणि पडद्याच्या मध्यबिंदूला सूज आली होती. नीलेची ती फांदी तिथेच बंद पडली होती. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब 190/110 भरला. "डॉक्टर, मागच्या वेळी पडदा चांगला आहे म्हणाला होतात ना?" असे त्यांनी मला विचारले. त्या विचारण्यात आरोप नव्हता. त्यांना खरोखरच समजून घ्यायचे होते, आणि म्हणूनच उत्तर देणे मला फार जड गेले.

त्या ओलांडणीच्या जागी काय घडते हे आपण सर्व जण शिकलेलो आहोत, तरीही ते चित्र पुन्हा डोळ्यांसमोर आणावे अशी माझी विनंती आहे, कारण "मला काहीच त्रास नाही, मग गोळी कशाला?" असे म्हणणाऱ्या रुग्णाला समजावताना यापेक्षा चांगले चित्र मला सापडलेले नाही. दृष्टिपटलात धमनी आणि नीला जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्या दोघींचे बाहेरचे आवरण एकच असते, आणि बहुतेक ठिकाणी धमनी वर व नीला खाली असते. वर्षानुवर्षे जास्तीचा दाब सोसून धमनीची भिंत जाड आणि कडक झाली, की एकाच म्यानात बसलेल्या या दोघींपैकी पातळ भिंतीची नीला दबते. तिच्यातला प्रवाह अडखळतो, आतले अस्तर बिघडते आणि एके दिवशी तिथे गुठळी धरते. मागे तुंबलेले रक्त केशवाहिन्यांमधून बाहेर येते, पाणी झिरपते आणि नेमकी वाचायची, चेहरे ओळखायची जागा सुजते. ही सूज उतरवण्यासाठी आज आमच्याकडे डोळ्यात द्यायची इंजेक्शने आहेत, लेसर आहे, आणि त्यांचा उपयोगही चांगला होतो. परंतु ही इंजेक्शने एकदा घेऊन संपत नाहीत. सुरुवातीला ती बहुधा दर महिन्याला घ्यावी लागतात, पुढे अंतर वाढवत नेले तरी कित्येकांना दोन-दोन, तीन-तीन वर्षे यावे लागते. माझ्या त्या रुग्णाची दृष्टी बरीच सुधारली, पण उजव्या डोळ्याने त्यांना आजही बारीक अक्षर सलग वाचता येत नाही. मुख्य नीलाच बंद पडली तर परिस्थिती याहून बिकट होते; काही रुग्णांत पुढच्या काही महिन्यांत बुबुळाच्या मागच्या रंगीत पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवतात, डोळ्यातल्या पाण्याचा निचरा बंद होतो आणि असह्य दुखणारा काचबिंदू होतो.

नीला बंद पडणे हा या प्रक्रियेचा एक शेवट झाला. धमन्यांचे स्वतःचे हालही काही कमी होत नाहीत. दृष्टिपटलातल्या वाहिन्यांना सिंपथेटिक, म्हणजे इतरत्र वाहिन्यांना आकुंचनाचा हुकूम देणाऱ्या, चेतातंतूंचा पुरवठा नसतो. आत येणारा दाब वाढला की त्या स्वतःच आकुंचन पावून पुढच्या केशवाहिन्यांचे रक्षण करतात. म्हणूनच रक्तदाबाचे डोळ्यात दिसणारे पहिले चिन्ह म्हणजे धमन्यांचे बारीक होणे. हे आकुंचन अनेक वर्षे टिकले की भिंत जाड होते आणि तिच्यावरचा प्रकाश आधी तांब्याच्या तारेसारखा, मग चांदीच्या तारेसारखा दिसू लागतो. दाब एकदम किंवा फार वर गेला, तर मात्र हे संरक्षण मोडते. भिंतीतून रक्त आणि चरबीयुक्त द्रव बाहेर पडतो. तो मध्यबिंदूभोवती किरणांसारखा साचला की पिवळसर चांदणी उमटते. जिथे रक्तच पोहोचत नाही तिथे चेतातंतूंमधली वाहतूक अडून ते फुगतात, आणि तेच आम्हाला कापसाचे बोळे म्हणून दिसतात. खूप वर गेलेल्या दाबात शेवटी दृष्टिचेतेचे, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेचे, तोंड सुजते. उतारवयात, विशेषतः रक्तदाब असलेल्या स्त्रियांमध्ये, एखाद्या धमनीच्या भिंतीला फुगा येतो आणि तो फुटल्यावरच कळते की तो होता.

शरीराला सुरीही न लावता जिवंत धमनी आणि नीला इतक्या स्वच्छ पाहता याव्यात अशी दुसरी जागा आपल्याला मिळालेली नाही, आणि वैद्यकाच्या इतिहासात ही खिडकी रक्तदाबाच्या पट्ट्याच्या कितीतरी आधी उघडली. हेल्महोल्ट्झ यांनी आपला ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत पाहायचे उपकरण, 1851 मध्ये जगापुढे ठेवला. मार्कस गन यांनी मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराच्या रुग्णांमध्ये धमनीखाली दबलेल्या नीलेचे वर्णन 1892 मध्ये केले. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची रिव्हा-रोच्ची यांची पद्धत आली 1896 मध्ये, आणि कोरोत्कॉफ यांनी स्टेथोस्कोपने ऐकायचे आवाज सांगितले 1905 मध्ये. म्हणजे आज आपण ज्या आकड्यावरून सारे ठरवतो, तो आकडा रोजच्या तपासणीत येण्याआधीच या आजाराच्या खुणा डोळ्यात वाचल्या जात होत्या. पुढे 1939 मध्ये मेयो क्लिनिकच्या कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी 219 रुग्णांची त्यांच्या पडद्यावरच्या बदलांनुसार चार गटांत विभागणी केली. पहिल्या, म्हणजे सौम्य बदलांच्या गटातले सुमारे 70 टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. दृष्टिचेता सुजलेल्या चौथ्या गटातले फक्त 6 टक्के उरले होते. तो परिणामकारक औषधे हाती येण्याआधीचा काळ होता, आज परिस्थिती तितकी भयानक नाही हे खरे आहे. पण तेव्हा डोळ्यात दिसलेले चिन्ह जे सांगत होते तेच ते आजही सांगते: या माणसाचा मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड याच दाबाखाली आहेत. रक्तस्राव आणि कापसाचे बोळे दिसणाऱ्या रुग्णाला पक्षाघाताचा धोका, त्या दिवशीचा आकडा बाजूला ठेवला तरीही, जास्त असतो, हे लोकसंख्येवर आधारलेल्या मोठ्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसून आले आहे.

यावर आपल्यापैकी अनेक जण एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. सौम्य बदलांवर भरवसा ठेवता येत नाही. एकच पडदा दोन डॉक्टरांनी पाहिला तर धमनी बारीक आहे की नाही यावर त्यांचे एकमत होईलच असे नाही, शिवाय वयानेही धमन्या बदलतात. म्हणूनच युरोपातील हृदयरोग आणि रक्तदाब संस्थांच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत दृष्टिपटलाची तपासणी 160/100 किंवा त्याहून अधिक दाब असलेल्यांसाठी आणि रक्तदाबासोबत मधुमेह असलेल्या सर्वांसाठी आवर्जून सांगितली आहे, सरसकट सर्वांसाठी नाही. मनुष्यबळ अपुरे असेल तिथे हाच क्रम ठेवावा, हे मला मान्य आहे. तरीही निदान झाल्यावर प्रत्येकाचा पडदा एकदा पाहून त्याचा फोटो ठेवावा असे मी आग्रहाने म्हणते, कारण दोन वर्षांनी दिसणारी गोष्ट नवी की जुनी हे सांगायला तुलनेसाठी आधीचे काहीतरी लागते. दोन डॉक्टरांचे मत जुळत नसेल तर दोन फोटो शेजारी ठेवता येतात. शिवाय दवाखान्यात दाब वाढलेला आणि घरी ठीक असे ज्यांच्या बाबतीत होते, किंवा नेमके उलटे होते, त्यांच्याबद्दल निर्णय घेताना पडद्यावरची खूण आपल्याला निश्चित मदत करील.

रुग्ण स्वतःहून तक्रार करील आणि मग आपण त्याला पाठवू, या अपेक्षेत माझ्या मते सर्वांत मोठा धोका आहे. रक्तदाबाने होणारी पडद्याची हानी बहुतेक काळ दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालही होत नाही. बारीक वाचन करणारा मध्यबिंदू हा पडद्याचा अगदी छोटा भाग आहे. त्याच्या बाहेर कितीही रक्तस्राव झाले तरी तक्त्यावरची शेवटची ओळ रुग्ण सहज वाचतो. एका डोळ्याची दृष्टी गेली तरी दुसरा डोळा ती उणीव भरून काढतो आणि महिनोन्‌महिने घरात कुणाला पत्ता लागत नाही. मागे एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. सुनेने पदराच्या टोकाने डोळ्यातला कण काढायला म्हणून त्यांच्या एका डोळ्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांना कळले की उरलेल्या डोळ्याने आपल्याला सून दिसतच नाही. तो डोळा केव्हा गेला हे त्यांना सांगता आले नाही. म्हणून माझी एक अगदी छोटी सूचना आहे, जिला यंत्र लागत नाही. दंडाला पट्टा बांधण्याआधी रुग्ण पाच मिनिटे शांत बसणारच आहे. दाब मोजून झाला की त्याला एकेक डोळा तळहाताने झाकून समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहायला सांगावे: दोन्ही डोळ्यांनी सारखे दिसते का, कुठला भाग पुसट आहे का, सरळ रेघ वाकडी दिसते का. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

जिथे एक-एक तास मोलाचा असतो अशा तीन प्रसंगांविषयी मला अधिक सविस्तर लिहायचे आहे. एका डोळ्याची दृष्टी काही सेकंदांत, वेदना न होता, दिवा मालवावा तशी गेली, तर दृष्टिपटलाची मुख्य धमनी बंद पडली असण्याची शक्यता असते. रक्तपुरवठा तुटल्यावर पडदा काही तासांतच कायमचा निकामी होतो. हा डोळ्यात झालेला पक्षाघात आहे, आणि त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मेंदूत पक्षाघात होण्याचा धोका सर्वाधिक असतो. अशा रुग्णाला "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा" असे कृपा करून सांगू नये. जिथे पक्षाघातावर तातडीने उपचार होतात अशा रुग्णालयात त्याला त्याच क्षणी पाठवावे. काही मिनिटे एका डोळ्यापुढे अंधारी येऊन पुन्हा पूर्ववत दिसू लागले असेल, तर रुग्ण ते हसण्यावारी नेतो आणि आपल्यालाही "दाब वाढला असेल, ठीक आहे" असे म्हणावेसे वाटते. खरे तर पूर्वसूचना म्हणून एवढीच संधी मिळते.

दुसरा प्रसंग तरुणांचा. पंचविशी-तिशीतला मुलगा डोकेदुखी आणि अंधूक दिसण्याची तक्रार घेऊन चष्म्याच्या दुकानात जातो, तिथून आमच्याकडे येतो, आणि त्याचा रक्तदाब मोजावा असे वाटेत कुणालाही सुचत नाही, कारण या वयात रक्तदाब कशाला असेल? त्याच्या दोन्ही डोळ्यांत दृष्टिचेता सुजलेल्या असतात, मध्यबिंदूभोवती चांदणी असते, दाब 220/130 असतो आणि मुळाशी अनेकदा मूत्रपिंडाचा आजार सापडतो. तरुणांमध्ये एकाएकी वाढलेल्या दाबाचा फटका पडद्यामागच्या कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या थरालाही बसतो, कारण तिथल्या वाहिन्या दृष्टिपटलातल्या वाहिन्यांसारख्या स्वतःला सावरू शकत नाहीत. त्यामुळे पडद्याखाली पाणी साचून तो उचलला जातो. अशा वेळी घाबरून दाब झटकन उतरवण्याचा मोह होतो. निफेडिपिन या रक्तदाबाच्या औषधाची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची जुनी सवय अजून पूर्णपणे गेलेली नाही, म्हणून स्पष्ट लिहिते: तसे करू नये. इतके दिवस वरच्या दाबाला सरावलेल्या दृष्टिचेतेचा आणि मेंदूचा रक्तपुरवठा दाब एकदम कोसळल्यावर तुटतो, आणि अंधूक दिसणारा रुग्ण उपचारांनंतर आंधळा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. पहिल्या तासात सरासरी दाब एक चतुर्थांशाहून अधिक खाली आणू नये आणि हे काम रुग्णालयात, देखरेखीखाली, शिरेतून दिलेल्या औषधांनी व्हावे, हा नियम डोळ्यांच्या दृष्टीनेही तितकाच महत्त्वाचा आहे. ज्यांच्या एका डोळ्याची दृष्टिचेता रक्तपुरवठा कमी पडून आधीच निकामी झाली आहे, त्यांच्या रक्तदाबाच्या रात्रीच्या डोसाचा विचारही आपण आणि आम्ही मिळून करायला हवा, कारण झोपेत दाब आपोआपच खाली येतो.

तिसरा प्रसंग गर्भवतींचा, आणि इथे स्त्रीरोगतज्ज्ञांनीही हे पत्र वाचावे असे मला वाटते. विसाव्या आठवड्यानंतर जिचा दाब 140/90 किंवा त्याहून वर गेला आहे, तिने "डोळ्यांपुढे काजवे चमकतात", "अंधारी येते", "धुरकट दिसते" असे म्हटले, तर ती अशक्तपणाची किंवा जागरणाची तक्रार समजू नये. झटके येण्याआधी शरीराने दिलेला तो इशारा असू शकतो. कधीकधी पडद्याखाली पाणी साचते, तर कधी पडदा निरोगी असूनही मेंदूच्या मागच्या भागाला सूज आल्यामुळे दिसेनासे होते. प्रसूतीनंतर आणि दाब आटोक्यात आल्यावर बहुतेक जणींची दृष्टी काही आठवड्यांत परत येते, आणि घाबरलेल्या त्या मुलीला हे शब्द ऐकवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

मधुमेहाविषयी थोडक्यात लिहिते, कारण तिथे पडदा तपासण्याची सवय आपण बऱ्यापैकी लावून घेतली आहे. मात्र त्या तपासणीचा संबंध आपण केवळ साखरेशी जोडतो. ब्रिटनमध्ये टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांवर झालेल्या यूकेपीडीएस अभ्यासाच्या 1998 मधील निष्कर्षांनुसार, ज्यांचा रक्तदाब अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवला होता त्यांच्यात पडद्याचा विकार वाढत जाण्याचा धोका 34 टक्क्यांनी आणि दृष्टी लक्षणीय घटण्याचा धोका 47 टक्क्यांनी कमी झाला. दोन गटांच्या रक्तदाबातला फरक होता सरासरी 154/87 आणि 144/82 इतकाच. वरच्या आकड्यातल्या दहाच्या फरकाने एवढे साधत असेल, तर "थोडा वाढलाय, पुढच्या वेळी बघू" हे वाक्य मधुमेही रुग्णाच्या बाबतीत आपण किती सहज बोलतो याचा विचार व्हायला हवा.

आपल्या मदतीची गरज आहे अशी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती भाषेची आहे. "डोळ्याचे प्रेशर" आणि "बीपी" या दोन गोष्टी रुग्णांच्या मनात एकमेकींत मिसळलेल्या आहेत. आम्ही काचबिंदूच्या तपासणीत डोळ्यातल्या द्रवाचा दाब मोजतो, जो साधारण 10 ते 21 असतो, आणि सांगतो, "प्रेशर नॉर्मल आहे." रुग्ण घरी जाऊन रक्तदाबाची गोळी बंद करतो. असे करणारे रुग्ण मी एकदा-दोनदा नव्हे, अनेकदा पाहिले आहेत. हे दोन दाब वेगळे आहेत, एकाच्या आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज करता येत नाही, हे आपण आपल्या टेबलावर आणि आम्ही आमच्या टेबलावर, प्रत्येक रुग्णाला सांगितले पाहिजे. उलट बाजूने, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर अचानक आलेला रक्ताचा लाल डाग पाहून रुग्ण हादरतो. तो डाग दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातो आणि त्याने दृष्टीला इजा होत नाही. पण त्या निमित्ताने रक्तदाब अवश्य मोजावा. अचानक एकाची दोन माणसे दिसू लागणे हेही असेच एक निमित्त आहे: डोळा फिरवणाऱ्या चेतेचा सूक्ष्म रक्तपुरवठा रक्तदाबाने वा मधुमेहाने बंद पडल्यामुळे ते होऊ शकते, आणि अशा कारणाने झालेले असल्यास बहुधा तीन महिन्यांत ओसरते. त्यामागे याहून गंभीर कारण नाही ना, याची खात्री मात्र आधी करावी लागते.

आता आमच्या बाजूच्या उणिवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 मधल्या आकडेवारीनुसार जगात 30 ते 79 वयोगटातल्या सुमारे 128 कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे, आणि त्यांपैकी 46 टक्के लोकांना आपल्याला तो आहे हेच माहीत नाही. यातले अनेक जण चाळिशीच्या चष्म्यासाठी का होईना, नेत्रतज्ज्ञांकडे येतात; कित्येकांच्या आयुष्यात त्या काळात भेटलेला तो एकमेव डॉक्टर असतो. अशा वेळी दंडाला पट्टा न बांधता त्यांना परत पाठवणे ही आमची चूक आहे आणि ती मी स्वतः केलेली आहे. त्या गृहस्थांच्या प्रसंगानंतर माझ्या दवाखान्यात थेंब घालण्याआधी प्रत्येक प्रौढ रुग्णाचा रक्तदाब मोजला जातो. थेंबांआधी असे मुद्दाम म्हणते, कारण बाहुली मोठी करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फेनिलएफ्रिनच्या 10 टक्के तीव्रतेच्या थेंबांनी रक्तदाब बराच वर जाऊ शकतो. रक्तदाबाच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांत आम्ही 2.5 टक्क्यांचे थेंब वापरावेत किंवा ते टाळून ट्रॉपिकामाइड या दुसऱ्या थेंबांवर भागवावे. काचबिंदूसाठी दिलेले टिमोलॉलचे थेंबही नाकावाटे रक्तात शोषले जातात, नाडी मंदावतात आणि दमा बळावतात. आपला रुग्ण आधीच बीटा-ब्लॉकर, म्हणजे टिमोलॉलच्याच जातीची गोळी, घेत असेल तर हे आम्हाला कळायला हवे आणि आम्ही थेंब सुरू केले तर ते आपल्याला. आमच्या चिठ्ठ्याही आद्याक्षरांनी भरलेल्या असतात, आणि त्या वाचून आपल्याला काहीच बोध होत नसेल तर दोष आपला नाही. माझ्या सहव्यवसायी नेत्रतज्ज्ञांना याच पत्रातून माझी विनंती आहे की फिजिशियनला पाठवायच्या कागदावर निदान तीन गोष्टी सरळ शब्दांत लिहाव्यात: पडद्यावर रक्तस्राव किंवा कापसाचे बोळे आहेत की नाहीत, दृष्टिचेतेला सूज आहे की नाही, आणि रक्तदाबाचे औषध आज बदलण्याची निकड आहे की महिन्याभरात पाहिले तरी चालेल.

आपल्याकडून येणाऱ्या चिठ्ठीतही फार काही नको. रक्तदाब किती वर्षांपासून आहे, गेल्या काही भेटींतले आकडे काय होते, कोणती औषधे चालू आहेत, मधुमेह आहे का आणि मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन किती आहे, एवढे कळले तरी आम्ही पडदा अधिक जाणतेपणाने वाचू शकतो. पहिल्या तपासणीत काही आढळले नाही आणि मधुमेह नसेल, तर पुन्हा केव्हा यायचे हे रक्तदाब किती आटोक्यात आहे यावर ठरवता येते. रक्तस्राव किंवा सूज असेल तर आम्ही स्वतःच त्याला लवकर बोलावू. आणि पाठवताना रुग्णाला एक गोष्ट आठवणीने सांगावी. थेंब घातल्यावर चार ते सहा तास जवळचे धूसर दिसते आणि उजेडाचा त्रास होतो, त्यामुळे त्याने सोबत कुणाला तरी आणावे आणि स्वतः गाडी चालवत येऊ नये. हे आधी न सांगितल्यामुळे "आज थेंब नकोत, पुन्हा येईन" असे म्हणून निघून गेलेले आणि पुन्हा न आलेले रुग्ण माझ्या नोंदवहीत बरेच आहेत.

कळावे,

आपली नम्र,
दृष्टिपटलाच्या विकारांवर उपचार करणारी एक नेत्रतज्ज्ञ